बोटाचा ब्रश आणि कोंबडीच्या चवीची पेस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तीन तोंडांवर वापर झाला: चार वर्षांची कारवानी कुत्री, सहा वर्षांचा स्पिट्झ (ज्याला सांगलीत सगळे पॉमेरियनच म्हणतात) आणि तीन वर्षांची देशी मांजर. दात साफ ठेवायचं सामान चार प्रकारचं. बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश, दोन्ही टोकांना केस असलेला लांब दांड्याचा ब्रश, एन्झाइमवाली 70 ग्रॅमची पेस्ट आणि पिण्याच्या पाण्यात टाकायचं द्रावण. निकाल आधीच सांगून टाकतो: पेस्ट ठेवा, द्रावण सोडा, बोटाचा ब्रश पहिल्या महिन्यापुरता वापरा आणि लांब दांड्याच्या ब्रशाऐवजी मेडिकलमधून दोन वर्षांखालच्या बाळांचा एक्स्ट्रा सॉफ्ट ब्रश आणा.

बोटाच्या ब्रशाची गोची अशी, की त्याचे सिलिकॉनचे दाणे जाड असतात. दाताचा फुगीर भाग छान पुसून निघतो, पण घाण बसते हिरडीच्या काठाला, तिथल्या बारीक खाचेत. निरोगी कुत्र्यात ही खाच 3 मिलिमीटरपर्यंत खोल असते, मांजरात जेमतेम 1. तिथे केसच शिरतात, दाणे नाही. शिवाय मागच्या दाढेपाशी पोचायचं तर आख्खं बोट दातांमध्ये जातं. सैल झाला तर ब्रश निसटून कुत्र्याच्या पोटात जायची भीती वेगळीच.

ब्रश हातात घेण्याआधी वरचा ओठ उचलून सुळ्यापासून मागे बघत जा. सगळ्यात मोठी, तीन मुळांची दाढ दिसेल: वरची चौथी उपदाढ. गालातल्या लाळेच्या ग्रंथीची नळी हिच्यासमोरच उघडते, म्हणून कीटण पहिल्यांदा इथेच धरतं. पिवळसर तपकिरी खरपुडी नखाने खरवडून निघत नसेल, तर ती ब्रशानेही निघणार नाही. जेवणानंतर काही तासांत दातावर चिकट थर बसायला लागतो आणि लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांत दगड होतो. आठवड्यातून एकदा घासणं म्हणूनच वाया जातं. स्पिट्झचं कीटण आधी काढून घेतल्यावरच त्याच्या बाबतीत ब्रशाचा उपयोग दिसला.

ते काढणं भूल देऊनच व्हायला हवं. भुलीशिवाय वरवर खरवडून दात पांढरे करून देतात, पण हिरडीखालचा मळ जागेवरच राहतो आणि आजार तिथेच वाढतो. घरी लोखंडी हत्यार चालवलं तर दाताच्या आवरणावर चरे पडून पुढचं कीटण आणखी लवकर धरतं. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: भुलीआधी रक्त तपासणार का, दातांचा एक्स-रे आहे का, आणि शेवटी पॉलिश करणार का. पॉलिश राहिलं तर खरबरीत दात लवकरच पुन्हा पिवळे दिसायला लागतात. कारवानी किंवा पश्मी असेल तर जात आवर्जून सांगा. अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी जातींना थायोपेंटोनसारखी भूल उतरायला फार वेळ लागतो. दात काढले असतील तर टाके भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, ब्रश बंद.

पेस्ट चांगली आहे. फेस होत नाही, चूळ भरायला लागत नाही, गिळली तरी चालते. कारवानीला वाटाण्याएवढी, स्पिट्झला त्याच्या निम्मी, मांजरीला तांदळाच्या दाण्याएवढी. तिघांत एक नळी तीन महिन्यांच्या आसपास जाते. पेस्ट केसांवर नुसती ठेवू नका, बोटाने आत दाबा, नाहीतर कुत्रं पहिल्या चाटण्यातच ती साफ करतं आणि ब्रश कोरडा राहतो. एप्रिल-मेच्या सांगलीत नळी खिडकीत किंवा गाडीत ठेवली की पातळ होते आणि तेल सुटतं. घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

माणसांची पेस्ट मात्र अजिबात नको. कुत्र्याला थुंकता येत नाही, त्यामुळे फ्लोराइड आणि फेस दोन्ही पोटात जातात. काही पेस्टमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. आपल्याकडचे घरगुती उपायही तपासून घ्या. राखुंडीने दात झिजतात, मिश्री म्हणजे सरळ तंबाखू, आणि लवंगेचं तेल मांजराला विषारी. बक्षीस म्हणून बेदाणा तर कधीच नाही. तासगावच्या पट्ट्यात घरोघरी बेदाणे पडलेले असतात, पण द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती दाण्यांनी ते कुत्र्यागणिक बदलतं.

घासायची रीत सोपी, सवय लावणं अवघड. पहिल्या आठवड्यात ब्रश दिसूसुद्धा द्यायचा नाही. फिरून आल्यावर ओठ दोन सेकंद उचलायचा, सोडायचा, उकडलेल्या चिकनचा तुकडा. दुसऱ्या आठवड्यात बोटावरची पेस्ट चाटायला द्यायची आणि तेच बोट सुळ्यावरून फिरवायचं. तिसऱ्यात ब्रश, फक्त सुळ्यांवर. चौथ्यात मागची दाढ. जबडा उघडायचाच नाही, बहुतेकांची चूक इथे होते. तोंड मिटलेलं ठेवून ओठाचा कोपरा मागे ओढा, ब्रश गालाच्या खिशातून आत सरकवा, केस हिरडीकडे तिरके धरा आणि छोटे गोल फिरवा. एका बाजूला 30 सेकंद पुरे. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. सुरुवातीला केसांवर गुलाबी लाळ दिसली तर घाबरू नका, सुजलेल्या हिरडीतून तेवढं येतंच. दोन आठवड्यांनंतरही रक्त दिसत असेल तर दवाखाना गाठा.

पिल्लू आणत असाल तर हे सगळं सोपं जातं. कुत्र्याच्या पिल्लाचा माणसाळण्याचा काळ 3 ते 14 आठवडे, मांजराच्या पिल्लाचा 2 ते 7. या दिवसांत ओठ, कान, पंजे रोज हाताळले की पुढे ब्रशाचा तमाशा होत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर खाली सोडू नका, पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू जमिनीतून लागतो. कडेवर घेऊन फिरवा: भाजीवाल्यांचा आरडाओरडा, रिक्षा, हेल्मेटवाली माणसं, लांबून बँड. दवाखान्यातही सुई न टोचता नुसतं वजन करायला दोन-तीनदा नेऊन आणा. चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडायला लागतात. तेव्हा हिरड्या दुखतात, ब्रश थांबवा, ओठ उचलणं चालू ठेवा. स्पिट्झसारख्या छोट्या जातीत बरेचदा दुधाचा सुळा पडतच नाही आणि दोन सुळे शेजारी उभे दिसतात. सात महिने होऊनही तसंच असेल तर काढून घ्या, त्या फटीत अन्न कुजतं.

द्रावणाबद्दल थोडक्यात. स्टीलच्या वाटीतलं पाणी स्पिट्झने निम्म्यावर सोडलं, मांजरीने वाटीकडे पाठ फिरवली. उन्हाळ्यात हे परवडणारं नाही, मांजराला तर लघवीचा त्रास ओढवतो.

मटणाच्या दुकानातली नळी दात साफ करते हा समज इथे घट्ट आहे. मऊ भाकरी-दुधापेक्षा ती बरी वाटते खरी, पण त्याच मोठ्या दाढेची बाहेरची कपची नळीवर उडते आणि आतली नस उघडी पडते. पुढे डोळ्याखाली गळू आलं की लोक डोळ्याचे थेंब घालत बसतात. चघळायला द्यायच्या कोणत्याही वस्तूत अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे. खूर, शिंग, हाडं या कसोटीत बसत नाहीत.

मांजरीवर दोन्ही ब्रश फसले. इअरबडवर पेस्ट लावून, तिला आपल्याकडे पाठ करून मांडीवर बसवून, फक्त सुळे आणि वरच्या दाढांची बाहेरची बाजू, एकूण 15 सेकंद. मानेला धरलं की त्या दिवसाचं काम संपलं. मात्र खालच्या दाढेच्या बुडाशी लाल ठिपका दिसला आणि बड लागताच जबडा थरथरला, तर घासणं लगेच बंद करा. दात विरघळत जाणारा हा आजार मांजरांत बराच आढळतो, तो ब्रशाने थांबत नाही, एक्स-रे काढून दात काढावा लागतो.