थकव्याचे नियम: डंजन्स अँड ड्रॅगन्सचे घ्यावेत की गर्प्सचे?

साताऱ्यातल्या एखाद्या गटाने घाटवाटांवर घडणारा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत, फासे टाकून खेळायचा खेळ) सुरू करायचे ठरवले, तर पात्रे कधी आणि किती दमतात हे कोणत्या पुस्तकावरून ठरवायचे, याचा निर्णय आधीच घेतलेला बरा. येथे अशा खेळांच्या दोन नियमसंचांतल्या तीन पर्यायांचा विचार केला आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम, त्यांचे २०२४ चे सुधारित रूप आणि गर्प्सची २००४ साली आलेली चौथी आवृत्ती. तिन्हींना एकच मजल लावून पाहू. सर्वसाधारण ताकदीचा माणूस पाठीवर वीस किलो ओझे घेऊन साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढतो आणि साधारण २५ किलोमीटरवरच्या कास पठारावर पोहोचतो.

२०१४ च्या नियमांनुसार दिवसाला आठ तास चालणे थकव्याशिवाय पार पडते. नेहमीची चाल ताशी तीन मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या आसपास असल्याने हा माणूस पाच-सव्वापाच तासांत ताजातवाना कासला पोहोचतो. वीस किलोंची तर नोंदही होत नाही, कारण दहा ताकदीचे, म्हणजे सर्वसाधारण, पात्र दीडशे पौंड, म्हणजे ६८ किलो, विनातक्रार वाहते. मात्र गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) सगळी वाट ‘अवघड भूभाग’ ठरवली की वेग निम्मा होतो, प्रवास दहा तासांपुढे जातो आणि नवव्या तासाअखेरीस ११, तर दहाव्या तासाअखेरीस १२ या आकड्याविरुद्ध काटकपणाचा सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठीचा फासा) टाकावा लागतो. प्रत्येक अपयशाला एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पातळी वाढते. म्हणजे तोच घाट एका टेबलावर फुकट आणि दुसऱ्यावर दोन पातळ्यांचा ठरू शकतो. हा अर्थ मोहिमेच्या मध्यावर लावत बसलात तर वाद अटळ आहे.

पातळ्यांचे परिणाम एकावर एक साचत जातात, हे वाचताना अनेकदा निसटते. पहिल्या पातळीला प्रत्येक क्षमता-चाचणीत (एखादी कृती जमते का हे ठरवणाऱ्या फाशात) दोन फासे टाकून कमी पडलेला धरावा लागतो, त्यामुळे वीस बाजूंच्या फाशाची सरासरी साडेदहावरून सव्वासातच्या खाली येते. लढाईतला क्रम ठरवणारा इनिशिएटिव्ह ही चपळाईची चाचणीच असल्याने त्यालाही हा फटका बसतो. हल्ल्याला मात्र तिसऱ्या पातळीपर्यंत काहीच होत नाही. सहाव्या पातळीला मृत्यू येतो आणि लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) एकच पातळी उतरते. ही उतरंड इतकी कडक आहे की खेळाडू थकवा आणणारे पर्याय वापरायचेच टाळतात. बर्सर्कर या योद्ध्याची फ्रेन्झी, म्हणजे थकव्याच्या बदल्यात जादा हल्ले देणारा आवेश, हे त्याचे ठळक उदाहरण.

२०२४ च्या नियमांत ही उतरंड सरळ झाली. प्रत्येक पातळीमागे चाचणी, हल्ला आणि सेव्हिंग थ्रो या तिन्हींतून दोन वजा होतात आणि वेग पाच फुटांनी घटतो. सहाव्या पातळीचा मृत्यू कायम आहे. तक्ता पाहावा लागत नाही, अर्थ लावण्यालाही फारसा वाव राहत नाही, आणि एकदोन पातळ्या अंगावर घेऊन पात्र खेळत राहू शकते. ओझ्याबद्दल मात्र एक्झॉशन येथेही काही बोलत नाही.

गर्प्स नेमके ओझ्यापासून सुरू होते. दहा ताकदीच्या पात्राला नऊ किलोंपर्यंतचे वजन जाणवत नाही, अठरापर्यंत हलके आणि सत्तावीसपर्यंत मध्यम धरतात. वीस किलो म्हणजे मध्यम, म्हणून चालण्याच्या दर तासाला तीन फटीग पॉइंट (पात्राच्या दमाचे गुण) जातात. एप्रिलच्या उन्हात आणखी एक. सुरुवातीचे पॉइंट दहा धरले, तर तिसऱ्या तासाअखेरीस थंडीच्या दिवसांतही एकच उरतो. एक तृतीयांशाच्या खाली गेल्यामुळे चाल, बचाव आणि ताकद निम्म्यावर आलेली असते. दहा मिनिटे स्वस्थ बसल्यावर एक पॉइंट परत मिळतो, म्हणजे गेलेले नऊ भरायला दीड तास लागतो. झोप मोडल्याने गेलेले पॉइंट मात्र झोपेनेच भरतात. कुठे थांबायचे, पाठीवरचे काय टाकून द्यायचे, हे प्रश्न त्यामुळे खेळाचाच भाग होतात. घाट ज्यांनी पायी चढला आहे त्यांना हा हिशेब जास्त खरा वाटेल, मलाही वाटतो.

तरीही सरसकट गर्प्स घ्या असे मी म्हणणार नाही. प्रत्येक पात्राच्या सामानाचे वजन दर बैठकीला कोणीतरी इमानदारीने लिहून ठेवणार नसेल, तर त्या नियमांचा पायाच निघून जातो. अशा गटाने २०२४ चे नियम घ्यावेत आणि घाटासाठी कोणत्या चढणीला सेव्हिंग थ्रो लागेल हे आधी कागदावर ठरवावे. २०१४ चे नियम मी फक्त त्याच गटाला सुचवेन, ज्याच्याकडे ती पुस्तके आधीपासून आहेत आणि ज्याच्या मोहिमेत वाळवंट, उपासमार किंवा पाठलाग यांची भीतीच मुख्य आहे.