सेंट मिशेल देग्विल: 268 पायऱ्यांवरचे प्रार्थनामंदिर

फ्रान्समधील ल प्वी-आँ-व्हले या गावाला लागून ज्वालामुखीच्या नळीत गोठलेल्या लाव्ह्याचा सुमारे 85 मीटर उंच सुळका उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर हे छोटे प्रार्थनामंदिर बसवलेले आहे. स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राची यात्रा करून परतलेल्या बिशप गोदेस्काल्क यांच्या काळात, 10व्या शतकात, ते बांधले गेले. वर जाण्यासाठी 268 पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

दम लागलेल्या माणसाला थांबवून ठेवील असा खरा ऐवज दर्शनी भागावर आहे. तीन पाकळ्यांची कमान, रंगीबेरंगी दगडांची जडणघडण आणि दरवाजाच्या तुळईवर कोरलेल्या जलपऱ्या पाहताना स्पेनमधील अरबी वळणाच्या कारागिरीची आठवण होते, आणि यात्रेकरूंच्या वाटेने केवळ भाविकच नव्हे, तर शैलीही प्रवास करत असाव्यात असे वाटू लागते. आत मूळचे गर्भगृह इवलेसे आहे. 12व्या शतकात इमारत वाढवताना बांधणाऱ्यांनी खडकाला आपल्या आराखड्यात न बसवता आराखडाच खडकाच्या आकाराप्रमाणे वळवला, त्यामुळे सभागृह वेडेवाकडे झाले असले तरी माझ्या मते तेच त्याचे सौंदर्य आहे. छतावरची भित्तिचित्रे बरीच पुसट झाली आहेत, त्यामुळे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. 1955 मध्ये वेदीत सापडलेल्या जुन्या पवित्र वस्तूही पाहण्याजोग्या आहेत. भव्यतेची अपेक्षा असणाऱ्यांची मात्र येथे निराशा होईल.