बिलावर कॅलिब्रेशन, गाडीत नाही

नाशिकमध्ये ज्यांच्याकडे एडास (कॅमेऱ्याने रस्ता बघून स्टीअरिंग आणि ब्रेकला मदत करणारी यंत्रणा) असलेली गाडी आहे आणि पुढची काच बदलायची वेळ आली आहे, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. एका काचेच्या दुकानाने माझ्याकडून कॅमेरा कॅलिब्रेशनचे ९,००० रुपये घेतले, बिलावर तसं छापून दिलं आणि कॅलिब्रेशन केलंच नाही. कंपनीची म्हणून बसवलेली काचही कंपनीची नव्हती. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही, पण ही फसवणूक कशी केली जाते आणि कशी पकडता येते, ते सगळं सांगते.

मी राहते गंगापूर रोडला आणि नोकरी सिन्नरच्या मुसळगाव एमआयडीसीत, त्यामुळे नाशिक-पुणे रस्ता रोजचाच. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहराभोवती खडीचे डंपर सतत धावत असतात, त्यातले बरेचसे ताडपत्रीशिवाय. शिंदे-पळसेच्या अलीकडे अशाच एका डंपरमधून खडा उडाला आणि काचेवर टिचका पडला. थंडीचे दिवस होते. सकाळी धुकं घालवायला गरम हवा सोडली की तडा थोडा पुढे सरकायचा, असं करत करत तो आरशापर्यंत गेला. छोटा टिचका रेझिन भरून थांबवता येतो. पण आरशामागे एडासचा कॅमेरा असतो आणि त्याच्या नजरेसमोर तडा आला की काच बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

हा कॅमेरा काचेतून रस्ता बघतो. पट्टे कुठे आहेत, पुढची गाडी आपल्याच लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे तो ठरवतो आणि त्यावरून गाडी स्टीअरिंगला हात लावते किंवा ब्रेक मारते. काच बदलली की कॅमेऱ्याची जागा आणि कोन केसभर का होईना, बदलतो. कॅमेरा फक्त १ अंशाने वळला तरी १०० मीटर पुढे त्याचा अंदाज पावणेदोन मीटरने चुकतो. आपल्या महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे हा फरक थेट अर्ध्या लेनचा झाला. म्हणूनच काच बदलल्यावर कॅमेऱ्याला नव्याने सरळ म्हणजे कुठे हे शिकवावं लागतं. कॅलिब्रेशन ते हेच.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, काच मागवावी लागेल, थांबावं लागेल. तडा रोज वाढत होता. ओळखीच्यांकडून मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. दुकान मोठं, समोर चार गाड्या उभ्या, भिंतीवर नामांकित काच कंपन्यांचे बोर्ड.

“ताई, काच कंपनीचीच. जी शोरूमला जाते तीच आमच्याकडे येते. फरक फक्त बिलाचा.”

“आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन?” मी विचारलं.

“ते इथंच होतं. मशीन आहे आपल्याकडे.”

मी ते कोटेशनवर लिहून मागितलं, त्यांनी लिहून दिलं. ओरिजिनल काच २८,५०० रुपये, फिटिंग आणि सीलिंग ३,०००, एडास कॅलिब्रेशन ९,०००. सगळं मुद्देसूद, शिक्क्यासकट.

मग विम्याचा विषय निघाला. मालक एकदम आपुलकीने म्हणाले, “ताई, क्लेम टाकू नका. एनसीबी जाईल, पुढच्या वर्षी हप्ता वाढेल. रोखीत करा, मी हजार रुपये कमी करतो.” हा सल्ला अनेकांना पटतो, मलाही पटला, कारण त्यात तथ्य आहे. क्लेम घेतला की एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट (नो क्लेम बोनस), सहसा जातो. पण तो बोनस हप्त्याच्या फक्त ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो, दुसऱ्याच्या नुकसानीच्या थर्ड पार्टी भागावर नाही. शिवाय काचेवर घसारा शून्य धरतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपयांचं कंपल्सरी डिडक्टिबल (आपण स्वतः भरायची रक्कम) सोडलं तर काचेची बाकी रक्कम विमा कंपनी देते. चाळीस हजारांच्या कामात हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. आणि खरी गोम पुढेच आहे: क्लेम नाही म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान बघायला येणारा सर्व्हेअर नाही. काम होण्याआधी आणि झाल्यावर कोणी तिसरा माणूस येऊन काच बघत नाही, फोटो काढत नाही. दुकानाला नेमकं तेच हवं होतं, असं आता माझं ठाम मत आहे.

काम चालू असताना आत जाऊ दिलं नाही, “सेफ्टीचं कारण आहे” म्हणाले. संध्याकाळी गाडी बाहेर आली. चकाचक काच, डॅशबोर्डवर एकही लाईट नाही. दुकानातल्या मुलाने हातातला टॅब दाखवला, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘नो फॉल्ट’ लिहिलेलं. “झालं ताई कॅलिब्रेशन, लगेच घेऊन जा.” काच ज्या पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवतात तो सुकायला वेळ लागतो. किती, ते गोंदावर आणि हवामानावर ठरतं, पण गाडी कधी चालवायची ते बसवणाऱ्याने सांगायचं असतं. टक्कर झाली तर छताला आधार देण्यात काचेचा वाटा असतो आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवरच टेकते. याबद्दल त्या दुकानात कोणी चकार शब्द काढला नाही.

काही दिवसांतच गाडी विचित्र वागायला लागली. लेनच्या मधोमध असताना पट्टा ओलांडल्याची सूचना वाजायची. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हळूच डावीकडे ओढलं जायचं आणि मला ते परत आणावं लागायचं. मग एकदा मोहदरी घाटात, डाव्या कडेला बंद पडलेला एक ट्रक उभा होता. माझी लेन पूर्ण मोकळी. गाडीने तो ट्रक आपल्याच समोर आहे असं समजून जोरात ब्रेक मारला. मागच्या सीटवर सासरे होते, ते पुढच्या सीटवर आपटले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने कशीबशी गाडी उजवीकडे काढली. त्याने काय शिव्या दिल्या त्या मला आजही ऐकू येतात, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या.

त्याच दिवशी दुकानात गेले. उत्तर तयार होतं. “लाईट लागलीय का ताई? नाही ना? मग कॅलिब्रेशन ओके आहे. चालवता चालवता सेट होतं ते आपोआप.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण सगळी फसवणूक याच वाक्यावर उभी आहे. लाईट नसणं याचा अर्थ इतकाच की कॅमेरा जोडलेला आहे आणि त्याला चित्र दिसतंय. ते चित्र बरोबर कोनातून दिसतंय की नाही, हे दर वेळी गाडीला आपलं आपण कळतंच असं नाही. रस्त्यावर चालवून करायचं कॅलिब्रेशन असतं हे खरं. पण माझ्या गाडीच्या बाबतीत तेही स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) जोडून सुरू करावं लागतं, ठरावीक वेगाने, ठसठशीत पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवावं लागतं आणि पूर्ण झाल्याची नोंद घ्यावी लागते.

शेवटी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तंत्रज्ञाने काय काय दाखवलं ते सविस्तर सांगते, कारण हेच तुम्हालाही करता येईल.

आधी त्याने स्कॅनर लावला. काच बदलल्यानंतरच्या कॅलिब्रेशनची कॅमेऱ्यात एकही नोंद नव्हती. मग त्याने मला एक आकडा दाखवला: फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, तो. स्कॅनरवर होते १,१०६ किलोमीटर. मीटरवर होते ३२,५८८. वजाबाकी केली तर ३१,४८२ आले. दुकानाच्या बिलावर छापलेलं रीडिंग काढून बघितलं, तर तेही ३१,४८२. म्हणजे काच काढताना कॅमेऱ्याची वायर काढली, त्यामुळे फॉल्ट कोड आला आणि टॅब लावून तो कोड फक्त पुसला. ‘मशीन’ ती एवढीच. कोड पुसायला पाच मिनिटं लागत नाहीत, त्याचे ९,००० रुपये.

नंतर त्याने आरशामागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं. कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तो कंपनीच्या काचेवर कारखान्यातच चिकटवून येतो. माझ्या काचेवर तो जुन्या काचेवरून उपटून हाताने चिकटवला होता. कडेने राखाडी गोंदाचा ओघळ आलेला, आणि एका टोकाला ब्रॅकेट काचेपासून जरासा उचललेला. तंत्रज्ञाने खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याचा कोपरा त्या फटीत सरकवून दाखवला. या कॅमेऱ्याच्या भरवशावर मी सासऱ्यांना घेऊन घाट चढत होते.

काचेची ओळख तर आणखी सोपी निघाली. खालच्या कोपऱ्यात खूण छापलेली असते: बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. माझ्या नव्या काचेच्या त्या कोपऱ्यावर दुकानाने आपला स्टिकर लावला होता. तो सोलल्यावर खालची खूण दिसली. आयएसआय चिन्ह होतं, पण गाडीच्या कंपनीचा लोगो नव्हता. दाराच्या चारही काचांवर तो आहे, आणि तडा गेलेल्या काचेच्या माझ्या फोटोतही तो स्वच्छ दिसतो. बाहेरच्या बाजारातली काच बसवणं गुन्हा नाही. आयएसआय असलेली आणि आपल्या कॅमेऱ्यासाठी योग्य बनावटीची काच कोणी सांगून, कमी पैशात घेतली तर माझी काही हरकत नाही. ओरिजिनलचे पैसे घेऊन ती खपवायची आणि खूण स्टिकरखाली लपवायची, याला मात्र सरळ चोरी म्हणतात.

पुन्हा काच मागवली, या वेळी विमा कंपनीला कळवून, सर्व्हेअर बोलावून. खरं कॅलिब्रेशन कसं असतं ते तेव्हा बघायला मिळालं. सपाट फरशी, चारही टायरची हवा मोजून सारखी केलेली, डिकी रिकामी. गाडीसमोर स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बोर्ड, त्याचं अंतर आणि उंची टेपने मोजून, गाडीच्या मध्यरेषेशी जुळवून. मग स्कॅनरवरून प्रक्रिया सुरू, आणि त्यानंतर रस्त्यावर फेरी. हातात मिळाला तो छापील रिपोर्ट: चासी नंबर, तारीख, वेळ, आधीचे आणि नंतरचे कोड आणि कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याची ओळ. या पसाऱ्याला जागा लागते. ज्या दुकानात बोर्डही नाही आणि सपाट जागाही नाही, तिथे स्टॅटिक कॅलिब्रेशन होऊच शकत नाही. तुमच्या गाडीला स्टॅटिक (उभ्या गाडीसमोर बोर्ड ठेवून) लागतं की डायनॅमिक (रस्त्यावर चालवून) की दोन्ही, हे सर्व्हिस सेंटरला फोन करून आधी विचारून ठेवा आणि मग दुकानात जाऊन बोर्ड दाखवा म्हणा. बिलावर ‘कॅलिब्रेशन’ लिहून घेणं पुरत नाही, ते मी घेतलंच होतं. रिपोर्ट हातात पडल्याशिवाय त्या ओळीचे पैसे देऊ नका.

ज्यांनी काच आधीच बदलून घेतली आहे, त्यांनीही गाडी बरी चालतेय म्हणून थांबू नये. स्कॅन करून कॅलिब्रेशनची नोंद आणि कोड पुसल्यापासूनचे किलोमीटर बघून घ्या. तोवर लेन असिस्ट आणि क्रूझवर विसंबू नका.

आता तक्रारीचं. मी आधी दुकानाला लेखी नोटीस पाठवली. मालकांचा फोन आला, “ताई, नऊ हजार परत देतो, विषय संपवा.” लेखी द्या म्हटल्यावर तो प्रस्ताव मागे गेला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथेही दुकानाने दाद दिली नाही, तेव्हा ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कोटेशन, जीएसटीचं पक्कं बिल, पैसे दिल्याची नोंद, स्कॅनरच्या पडद्याचे फोटो आणि सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड मी जोडलं आहे. कच्च्या बिलावर काम केलं असतं तर यातलं काहीच हातात नसतं.

दुकानाने बसवलेली काच सर्व्हिस सेंटरवाले भंगारात टाकणार होते. मी ती ब्रॅकेटसकट मागून घेतली. काढताना तिला खालून तडा गेला, पण कोपऱ्यातली खूण आणि ब्रॅकेट शाबूत आहे. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यामुळे तुम्हीही काढलेली काच दुकानात सोडून येऊ नका.