दोन एक्के की आठ भरवशाचे पिचर? वर्ल्ड सिरीजसाठी संघ निवडताना

मार्चअखेर अमेरिकेतल्या बेसबॉलचा हंगाम सुरू होताना वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे ऑक्टोबरमधल्या अंतिम मालिकेच्या विजेतेपदासाठी, एकाच संघाचं नाव ठरवायचं असेल, तर बॅटिंगपाशी फारसं अडत नाही. अडतं ते रोटेशनपाशी, म्हणजे आळीपाळीने सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांपाशी (स्टार्टर). एका बाजूला दोन-तीन जबरदस्त स्टार्टर (एक्के) आणि त्यांच्यामागे जेमतेम कुणीतरी असलेला संघ, दुसऱ्या बाजूला सात-आठ बऱ्यापैकी स्टार्टर बाळगणारा संघ. पहिल्या प्रकारासाठी २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स डोळ्यांसमोर ठेवा, दुसऱ्यासाठी २०२५ चे लॉस एंजेलिस डॉजर्स. दोघांनीही ९३ सामने जिंकून प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) गाठली आणि दोघेही विजेते ठरले. त्यामुळे नुसत्या निकालावरून निवड होत नाही.

एक्क्यांची बाजू भक्कम आहे, आणि तिचं कारण ऑक्टोबरच्या वेळापत्रकात आहे. सात सामन्यांच्या मालिकेत दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यानंतर प्रवासाची सुट्टी असते. पहिल्या सामन्याचा स्टार्टर चार दिवसांच्या नेहमीच्या विश्रांतीनंतर पाचव्या सामन्यात येतो, दुसऱ्याचा सहाव्यात, तिसऱ्याचा सातव्यात. चौथा स्टार्टर लागतो फक्त एकदा, पाचवा लागतच नाही. बेसबॉलमध्ये जय-पराजय एकेका पिचरच्या नावावरही नोंदवतात. २००१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सने यांकीजविरुद्ध जिंकलेले चारही सामने रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग यांच्या नावावर आहेत: तीन जॉन्सनचे, एक शिलिंगचा. नॅशनल्सचा स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या प्लेऑफमध्ये पाच सामने जिंकला, हरला एकही नाही.

पण ऑक्टोबरच्या आधी १६२ सामने असतात. पाच जणांच्या रोटेशनमध्ये चौथ्या-पाचव्या स्टार्टरच्या वाट्याला त्यातले पासष्टच्या आसपास येतात. एक्क्यांच्या संघाबाबत मला खरा जाच होतो तो याच सामन्यांचा, आणि माझं मत ठरलं तेही यांच्यामुळेच. पाचवा स्टार्टर तिसऱ्या इनिंगमध्येच सत्तर चेंडू टाकून दमतो. उरलेल्या सहा इनिंग बुलपेनमधले (मागाहून येणारे बदली पिचर) चार-पाच जण ओढतात. दुसऱ्या दिवशी त्यातले निदान दोघे हाताशी नसतात. नेमकी एक्क्याची पाळी असते, म्हणून मॅनेजर त्याला सहाव्या इनिंगला बाहेर काढायचं सोडून सातव्यातही ठेवतो. चेंडूंची संख्या ११० वर जाते आणि तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात, म्हणजे मारही जास्त बसतो. मे-जूनमध्ये हे दर पंधरवड्याला घडत राहिलं, तर सप्टेंबरमध्ये त्या एक्क्याचा वेग मैल-दीड मैलाने उतरलेला दिसतो. पाचव्या स्टार्टरचं अपयश त्याच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा पहिल्या स्टार्टरच्या खांद्यात जास्त दिसतं.

स्ट्रासबर्गने २०१९ च्या हंगामात २०९ इनिंग टाकल्या, प्लेऑफमध्ये आणखी ३६ च्या वर. त्यानंतर सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून तो फक्त आठ सामने खेळू शकला. त्याचं दुखणं त्या एका वर्षामुळेच झालं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण ओझं किती होतं ते आकड्यांत दिसतं. २०१९ च्याच वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याआधी नॅशनल्सचा दुसरा एक्का मॅक्स शेर्झर याची मान आखडली. ऐनवेळी जो रॉसला उभं करावं लागलं आणि समोरच्या ह्युस्टनने ७-१ असा सामना नेला. शेर्झर तीन दिवसांत उभा राहिला म्हणून सातवा सामना निभावला.

आता डॉजर्स पाहा. २०२५ मध्ये ब्लेक स्नेल हंगामात फक्त ११ सामन्यांत स्टार्टर होता, टायलर ग्लासनाउ १८ मध्ये. रोकी सासाकी मेपासून सप्टेंबरपर्यंत जखमी यादीत होता. शोहेई ओहतानी जूनमध्ये पिचिंगला परतला तो एकेक इनिंग वाढवत. मधली भोकं क्लेटन कर्शॉ, डस्टिन मे, एमेट शीहान, बेन कास्पॅरियस यांनी बुजवली. कसोटीत एक मध्यमगती गोलंदाज दिवसभर एक बाजू धरून ठेवतो आणि मुख्य वेगवान गोलंदाज ताजा राहतो, तसंच हे काम. कुणालाही घाईने परत आणावं लागलं नाही. ऑक्टोबरमध्ये स्नेल, यामामोतो, ग्लासनाउ, ओहतानी असे चौघे ताजे होते, आणि हंगामात सर्वाधिक सामने जिंकलेल्या मिलवॉकीला चार सामन्यांत मिळून फक्त चार धावा करता आल्या.

वर्ल्ड सिरीजमधला टोरंटोविरुद्धचा सातवा सामना तर या मुद्द्याचा अर्कच. अकरा इनिंगमध्ये ओहतानी, रोब्लेस्की, ग्लासनाउ, शीहान, स्नेल, यामामोतो असे सहा जण आले, आणि सहाही मुळात स्टार्टर. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकलेल्या यामामोतोच्या शेवटच्या आठ आउटचं कौतुक झालं ते योग्यच, पण त्याच्यापर्यंत सामना पोचवणारे पाच जण होते.

भरलेल्या रोटेशनचे तोटेही आहेत. नुसती संख्या म्हणजे खोली नव्हे. डॉजर्सचंच २०२४ घ्या: सप्टेंबरपर्यंत इतके जण जखमी झाले की हाताशी तीनच स्टार्टर उरले. प्लेऑफमध्ये चार सामने निव्वळ बुलपेनवर खेळावे लागले. दोन जिंकले, दोन हरले. ते विजेते ठरले खरे, पण असा संघ मी मार्चमध्ये मुद्दाम निवडणार नाही.

म्हणून खोली मोजताना सहाव्यापासून नवव्यापर्यंतची नावं काढा आणि त्यांच्यापैकी कितीजणांचे ऑप्शन शिल्लक आहेत ते बघा. ऑप्शन असलेला पिचर हंगामात पाच वेळा मायनर लीगला (खालच्या पातळीच्या लीगला) पाठवता येतो. मात्र एकदा पाठवला की पंधरा दिवस तिथेच राहतो, कुणी जखमी झाला तरच लवकर परत बोलावता येतो. ऑप्शन संपलेला अनुभवी पिचर २६ जणांच्या संघातल्या १३ पिचरांपैकी एक जागा अडवून बसतो. त्याला काढायचं तर वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर संघांपुढे ठेवावं लागतं, आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. कागदावर सात स्टार्टर असलेल्या संघात असे तिघे असतील, तर ती खोली जूनपर्यंतच टिकते. साठ दिवसांच्या जखमी यादीतून जुलै-ऑगस्टमध्ये कोण परतणार आहे, तेही जोडून पाहा.

निवड सप्टेंबरच्या शेवटी करायची असेल, तर हिशोब बराचसा उलटतो. तेव्हा दोन धडधाकट एक्के असलेला संघ घ्यायला माझी हरकत नाही, विशेषतः त्याला पहिल्या फेरीतून सूट मिळाली असेल तर. सूट नसेल तर पहिल्या म्हणजे वाइल्ड कार्ड फेरीचे जास्तीत जास्त तीन सामने सलग तीन दिवसांत असतात आणि मालिका तिसऱ्या दिवसापर्यंत गेली तर तिसरा स्टार्टर लागतोच. २०२५ मध्ये डॉजर्सनी सिनसिनाटीला स्नेल आणि यामामोतोवर दोन सामन्यांत संपवलं, त्यामुळे फिलाडेल्फियाविरुद्धचा पहिला सामना ओहतानीला देता आला आणि ग्लासनाउ चौथ्यासाठी शिल्लक राहिला.