चावीचा फोनो वर्षभर वापरल्यावर: सगळा प्रश्न सुईचा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, आरतीनंतर ओसरीवर पंधरा माणसं बसलेली असताना, माझ्या फोनोची, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनची, कमान (चावीने ताणली जाणारी आतली स्प्रिंग) तुटली. चावी देता देता आतून खाडकन आवाज आला आणि हँडल हातात सैल फिरू लागलं. मास्टर दीनानाथांची तबकडी लावायचं मी सगळ्यांना कबूल केलं होतं. अगदी रडू आलं.

यंत्र एचएमव्ही कंपनीचं १०२ मॉडेल, पेटीतलं. गेल्या वर्षी चवथीआधी गोव्यात डिचोलीतल्या एका जुन्या घरातून नऊ हजारांना घेतलं, सोबत चाळीस तबकड्या. त्याआधी किनाऱ्याजवळच्या एका दुकानातून पितळी कर्ण्याचा ‘अँटिक’ फोनो आणून फसले होते. कर्णा नवाकोरा, पेटी नवी, आत कुठल्यातरी पेटीफोनोची मोटर बसवलेली. तो परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. कर्णा बघून भुलू नका, एवढंच सांगते.

कमान बदलायला दिली त्या माणसाने अठराशे रुपये घेतले आणि रुंदीला कमी असलेली कमान घातली. पूर्वी एका चावीत दहा इंची तबकडीची बाजू पूर्ण वाजून वर थोडी फिरायची. आता शेवटच्या अर्ध्या मिनिटात वेग पडायचा आणि गाणाऱ्याचा सूर खाली घसरायचा. आयुष्यभर सुरासाठी झिजलेल्या माणसाचा सूर आपल्या घरात असा घसरावा, हे मला सहन होईना. कडेला कागदाचा कपटा ठेवून मिनिटाचे फेरे मोजले: सुरुवातीला बरोबर ७८, शेवटी सत्तरच्याही खाली. त्याला दाखवलं, तर म्हणे जुनी यंत्रं अशीच चालतात. तीन वेळा गेले. पैसे मिळाले नाहीत.

शेवटी मडगावातल्या एका घड्याळजी काकांनी काम केलं. त्यांनी आधी जुनी कमान मागितली, रुंदी मोजली, योग्य मापाची मागवली. कमानीच्या ड्रममधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते काढून ग्राफाइटचं घातलं. “बाय, वाजवून झालं की राहिलेली चावी उतरू दे. ताणून ठेवू नको,” म्हणाले. वर्षभर मी भरलेल्या चावीनेच पेटी मिटत होते.

आता सुई. तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई, हा नियम मला आधी निव्वळ उधळपट्टी वाटला. दोनशेची डबी साडेसातशेला पडते, म्हणजे एका तबकडीच्या दोन बाजूंना साडेसात रुपये. पहिले चार महिने मी एक सुई आठ-दहा बाजूंना चालवली. मग दीनानाथांच्याच एका तबकडीवर राखाडी पट्टा दिसला आणि आवाजात खरखर वाढली. तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते. शेवटापर्यंत त्याला धारदार कडा येतात. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती पटाशीसारखी खाच कापते. चार रुपये वाचवायला मी काय घालवलं ते आता परत येणार नाही.

म्हणून बांबू. पूर्वी बांबूच्याही सुया मिळत, हे ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. परसातल्या सुक्या बांबूची, हिरव्या सालीकडच्या भागाची सुई तिरपी तासून लावली. पहिल्या महिन्यात मी हा नाद सोडूनच दिला होता, कारण जोरकस तबकडीवर ती निम्म्यातच बोथट होते. पण मंद आवाजाच्या, १९२५ च्या आधीच्या, कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांवर ती बाजू पुरी करते. खरखर कमी होते आणि आवाज माणसासारखा जवळ येतो. टोक बोथट झालं की पुन्हा तासायचं. एलपी (नंतरच्या काळातली विनाइलची तबकडी) मात्र या यंत्रावर कधीही लावू नका, एकदाच्या वाजवण्याने तिची वाट लागते.

पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरली. पाकिटं टाकली, तबकड्या उभ्या ठेवल्या. मी स्पिरिट घेऊन पुसायला बसले तेव्हा दार दुरुस्त करायला आलेल्या सुताराने हात धरला. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तो पॉलिश करतो, आणि तबकडी म्हणजे तीच लाख. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, लेबल कोरडं. बस.

एवढ्या त्रासानंतरही मी हे यंत्र पुन्हा घेईन. जूनमध्ये वीज गेली की रात्रभर येत नाही. त्या अंधारात सासूबाईंनी गायिका केसरबाई केरकरांची तबकडी लावायला सांगितली. सासूबाईंचं माहेर केरीचं, केसरबाई तिथल्याच. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे मी सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “परत लाव.” पाऊस पत्र्यावर कोसळत होता तरी तान स्पष्ट ऐकू येत होती. त्या रात्री दोन्ही वेळा नवी सुई घातली.

डबीत आता १०८ उरल्यात. रोज तीन तबकड्यांच्या दोन्ही बाजू धरल्या तर अठरा संध्याकाळी पुरतील. उद्या बांबू तोडायचा आहे.