नऊ महिने चॅनल चालवल्यावर: जग कमी, भावकी जास्त

दिवाळीत, द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीची धावपळ ओसरल्यावर, मी यूट्यूबवर चॅनल काढलं. आता श्रावण लागलाय. एवढ्या काळात ६३ व्हिडिओ झाले, त्यातले चाळीसेक शॉर्ट्स, बाकीचे आठ ते बारा मिनिटांचे. आम्ही तासगावजवळचे. घरची दीड एकर द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. ‘आपल्या घरातलं कोण बघणार?’ असं विचारणारे घरातच दोघं होते. मला मात्र तेच दाखवायचं होतं: बाग, चूल, आत्यांची बडबड. (आत्या म्हणजे सासूबाई. आमच्याकडं तसंच म्हणतात.)

सामानाचं एका दमात सांगते. फोन मुलाचा जुना, स्टँड साधा. खर्च करायचा तर आधी माइकवर करा. बेदाण्याचं शेड चारी बाजूंनी उघडं, फोनच्या माइकात वारं असं भरायचं की शेजारी ट्रॅक्टर चाललाय वाटावं. कॉलरला लावायचा माइक आणि त्यावर ती केसाळ टोपी आली आणि पहिल्यांदा माणसं काय बोलतात ते कळलं. त्याआधीचे सहा व्हिडिओ मी स्वतःसुद्धा ऐकू शकत नाही.

जाळीवर घड पसरतानाचा एक शॉर्ट ऐंशी हजार जणांनी बघितला. दोन दिवस मी हवेत होते. मग पाहिलं, त्यातून सबस्क्राइब केलं अकरा जणांनी. याउलट बेदाण्याचा बारा मिनिटांचा व्हिडिओ जेमतेम अडीच हजारांवर गेला, पण त्याखाली माणसं थांबली. त्यात मी सगळं सावकाश दाखवलं होतं. घड कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचा मेणासारखा थर विरतो आणि मण्यातलं पाणी लवकर निघतं. मग जाळीवर बारा-पंधरा दिवस. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो. शेवटी जाळी हलवली की सुकलेले मणी खालच्या ताडपत्रीवर सरसर पडतात, तो आवाज मी अर्धा मिनिट नुसता ठेवला, वर एक शब्द बोलले नाही. विजापूरकडच्या एका बागायतदारानं डिपिंगच्या पाण्याचं प्रमाण विचारलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. ह्यांनी स्वतः बसून उत्तर लिहायला लावलं. चॅनलला नावं ठेवणारे हेच.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते, अजून एक रुपया नाही. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. सबस्क्रायबर झाले, तास निम्मेही नाहीत, कारण फीडमध्ये बघितलेल्या शॉर्ट्सचे तास यात धरत नाहीत. म्हणजे ते ऐंशी हजार इथं शून्य.

आता मुख्य तक्रार, आणि ती माझ्यावरच. चॅनल काढताना डोक्यात जग होतं, बघायला लागली भावकी. मार्चमध्ये आत्या चहा करतानाचा एक साधा व्हिडिओ टाकला. ओट्यावर चष्म्याच्या घराखाली अडत्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, दिसत होती. मला दिसली नाही, पण कुणीतरी व्हिडिओ थांबवून, मोठा करून वाचली. वजन, दर, सगळं. शनिवारी सकाळी चुलत सासरे दारात. ‘औंदा बरं झालं की तुमचं.’ चहा झाला आणि मग बोअर मारायला पैशाचं निघालं. आमचे गावच्या सोसायटीच्या कर्जाचे हप्ते थकलेले, हे पट्टीवर कुठं लिहिलेलं असतं? दोन महिने त्या घराशी बोलणं तुटक होतं. मी घाबरून व्हिडिओच काढून टाकला. नंतर कळलं की यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये टाकलेल्या व्हिडिओचा तेवढा भाग धूसर करता येतो, व्ह्यूज जात नाहीत. तेव्हापासून टाकायच्या आधी एकदा आवाज बंद करून नुसत्या कडा बघते: भिंतीवरचं कॅलेंडर, औषधाची पाकिटं, पासबुक. आणि गावाला गेलो तर तिथले व्हिडिओ घरी परतल्यावरच टाकते.

घरगुती कार्यक्रमाचे व्हिडिओ आता ‘अनलिस्टेड’ ठेवते, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतात, आणि लिंक फक्त नणंदेला पाठवते. तीही पुढं पाठवते म्हणा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. माझं माहेर सांगलीत, गावभागात. पाऊस लागला की कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला किती फूट, हाच सगळ्यांचा विषय. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, आईचं तळघर सोडा, माडीचा जिनाही अर्धा बुडाला होता. दर पावसाळ्यात त्याच वर्षाचे व्हिडिओ ‘आत्ताचं’ म्हणून फिरतात आणि लांबची माणसं घाबरून फोन करतात. यंदा जुलैत माहेरी होते, तर पुलावरून वीस सेकंदांचा शॉर्ट केला. तोंडानं तारीख, वेळ आणि फूट सांगितले, बाकी काही नाही. ना गाणं, ना ‘पाहा थरार’. पुण्या-मुंबईतल्या गावभागकरांनी तोच दिवसभर एकमेकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सहापासून विचारणा, ‘ताई, आज किती?’

आत्यांचं मात्र बिनसलं. पहिल्या महिन्यात त्या विसरून बोलायच्या, तेच व्हिडिओ सगळ्यात चांगले. आता फोन दिसला की एकदम पुस्तकी होतात. ‘आता आपण भाकरी थापणार आहोत.’ फोन खाली ठेवला की, ‘पीठ कुणी मळलंय गं हे? चिखल झालाय नुसता.’

परवा रात्री दोघी बेदाण्याचे देठ काढत बसलो होतो. फोन फडताळावर होता. त्यांनी दोनदा वर बघितलं.

‘बंद हाय नव्हं?’

‘बंद हाय.’

मग त्यांनी ७२ च्या दुष्काळाचं काढलं. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, वय बारा. तिथं मिळणारी सुकडी ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायच्या आणि वाटेत एक घास खायचा की नाही, यावर रोज स्वतःशीच भांडायच्या. तासभर बोलत होत्या. फोन खरंच बंद होता.