घरातल्या खोलीत पाइप ऑर्गन: ग्रँडऑर्ग आणि सहा स्पीकर, आठ महिन्यांनंतर

आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकांतील, पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो आणि त्यातला सूर धातूच्या पत्तीतून निघतो. चर्चमधील पाइप ऑर्गनचे प्रकरण निराळे आहे. तेथे एकेका स्टॉपमागे, म्हणजे ओढून विशिष्ट आवाज चालू करायच्या खुंटीमागे, नळ्यांची अख्खी रांग असते आणि दर पट्टीला वेगळी नळी बोलते. दक्षिण इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मी जवळच्या चर्चमध्ये हे वाद्य शिकू लागलो. सरावासाठी तेथील किल्ली आठवड्यातून एकदाच मिळत असल्यामुळे गेल्या हिवाळ्यात घरीच संगणकावर ऑर्गन उभारला.

दोन कीबोर्ड, तीस पायपट्ट्या, ग्रँडऑर्ग हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि ऑस्ट्रियातील फ्रिझाख येथील ऑर्गनचा, तोही विनामूल्य मिळणारा, ध्वनिमुद्रित संच अशी सुरुवात होती. अशा संचात नळ्या एकेक करून मुद्रित केलेल्या असतात आणि पट्टी सोडल्यानंतर चर्चमध्ये विरत जाणारी आसही त्यात असते. सॉफ्टवेअरबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आरंभी पट्टी दाबल्यावर सूर किंचित उशिरा येई. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 1024 वरून 256 नमुन्यांवर आणल्यावर (48 किलोहर्ट्झला सुमारे 5 मिलिसेकंद) तो प्रश्न मिटला. मोठ्या चर्चमध्ये नळ्या वादकापासून दूर असतात आणि तेथे याहून अधिक उशीर सहन करावा लागतो, हे शिकताना कळलेच होते.

खरी परीक्षा स्पीकरची झाली. दोन चांगल्या स्टुडिओ स्पीकरांवर एकटा बासरीसारखा स्टॉप इतका सुरेख वाजे, की नळीत हवा शिरतानाचा बारीक फुत्कारही ऐकू येई. पण पंधरा स्टॉप ओढून पाच सुरांची जुळणी वाजवली, की सगळे गिचमिड होऊन जाई. आवाज कमी-जास्त करून पाहिला, केबल बदलल्या, काही उपयोग झाला नाही. मग एके रात्री पायाने खर्जाचा एक सूर धरून ठेवला आणि वर एकच नाजूक स्टॉप वाजवला, तेव्हा वरचा सूर खालच्या सुराच्या ठेक्यात थरथरताना स्पष्ट ऐकू आला. चर्चमध्ये पंचाहत्तर नळ्या पंचाहत्तर जागांवरून बोलतात आणि त्यांचे मिश्रण हवेत होते; माझ्याकडे ते सारे ओझे स्पीकरच्या दोन पडद्यांवर पडत होते, आणि खर्जासाठी मागेपुढे धावणारा पडदा वरचे सूरही सोबत हलवत होता.

म्हणून स्पीकर वाढवले, पण आवाज वाढवण्यासाठी नव्हे. खर्ज सबवूफरकडे दिला. जवळून मुद्रित केलेला आवाज समोरच्या जोडीकडे, थोड्या अंतरावरून घेतलेला छताकडे तोंड केलेल्या दुसऱ्या जोडीकडे आणि चर्चच्या मागच्या भागातला पाठीमागच्या जोडीकडे वळवला. चार स्पीकर जुन्या बाजारातले आहेत, एकमेकांशी जुळतही नाहीत, आणि तरीही आधीच्या महागड्या जोडीपेक्षा हा ऑर्गन अधिक खरा वाटतो. जुळणीतले सूर आता वेगवेगळे ऐकू येतात.

सबवूफरने मात्र छळले. पहिला काही वेळ खर्ज न मिळाल्यास आपोआप झोपी जाई. शांत रचनेत दहा-पंधरा मिनिटे फक्त हातांनी वाजवल्यावर पाय आत येतात, त्या नेमक्या क्षणी पहिले दोन सूर गायब. हे बंद करता येत नाही असे कंपनीने कळवले. तो विकून साधे बटण असलेला दुसरा घेतला. त्यानंतर खोलीने डोके वर काढले. माझी खोली चार मीटर लांब असल्यामुळे सुमारे 43 हर्ट्झला ती स्वतःच घुमते आणि सोळा फुटी (सर्वांत लांब नळी सुमारे सोळा फुटांची असलेल्या) स्टॉपवरचा सर्वांत खालचा एफ जवळपास तेथेच येतो. तो एक सूर गर्जे, शेजारचा जी शहाण्यासारखा बोले. सबवूफर कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या मध्यावर सरकवला, तेव्हा एफ माणसात आला. भिंतीपलीकडच्या शेजारीण बाईंनीही हा बदल न सांगता ओळखला.

बत्तीस फुटी स्टॉपचा नाद मी सोडला आहे. त्याचा सर्वांत खालचा सूर 16 हर्ट्झच्या आसपास असतो. सॅलिसबरी कॅथीड्रलमध्ये विलिस या ऑर्गन बांधणाऱ्याच्या 1877 च्या ऑर्गनवर तो लागला, तेव्हा कानांआधी बाकाच्या लाकडातून पाठीला कळला होता. घरी प्रयत्न केला, तर वाजल्या त्या कपाटातल्या बशा.